कौलाचा रुपया

हे घडलं दोन हजार चोवीस साली, रथसप्तमीच्या आसपास. राऊच्या पुढे मोठा रस्ता सोडून आत वळलं की पागाखेडी लागते. होळकरांच्या घोड्यांची पागा इथे होती म्हणतात. आता घोड्याचा एक नालसुद्धा सापडायचा नाही, पण त्या पागेवरच्या शिलेदारांची चार-दोन मराठी घरं अजून तग धरून आहेत. त्यातलं एक गावड्यांचं. त्या वर्षी थंडी लांबली, बटाटा जमिनीत चांगला पोसला, आणि नेमके काढणीला मजूर मिळेनात. सगळे नव्या कॉलन्यांच्या बांधकामावर गेलेले. त्यामुळे घरातल्या झाडून सगळ्यांना शेतात उतरावं लागलं. नवी सूनसुद्धा सुटली नाही.

ही सून पूर्वा, शहरातल्या छत्रीबागेतली. गल्लीबोळात वाढलेली, पण कामाला वाघीण. पहिल्या वर्षाचं हळदीकुंकू होतं, म्हणून तिने आदल्या दुपारी, सासू भानुमतीबाई शेतात असताना, देव उजळायला काढले. चिंच, पितांबरी, जुना ब्रश. खंडोबाचे चांदीचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शंख. आणि देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात लाल चिंधीत बांधलेला हळदीचा एक कडक गोळा. तिला वाटलं, हाही कुठला तरी टाकच. तिने तो गरम पाण्यात टाकला.

भानुमतीबाई बटाट्याचं पोतं डोक्यावर घेऊन ओसरीत आल्या, तर सून हातात काहीतरी धरून नाचत होती.

"आईजी, देखो ना! आपल्या देव्हाऱ्यात काय निघालं! रुपया आहे, पण दोन्हीकडून सिंह! कणीस नाहीच. साल पण नाही, किंमत पण नाही. टाकसाळीची मिस्टेक आहे ही. असे सिक्के लोक शोधून राहिलेत!"

भानुमतीबाईंनी पोतं उतरवलं नाही, ते आपोआप खाली आलं. शिवण उसवून बटाटे ओसरीभर गडगडले.

"तू तो धुतलास?"

"हो ना, किती हळद जमली होती त्यावर. दगडच झाला होता."

"तो धुवायचा नसतो, बाई," एवढंच त्या म्हणाल्या, आणि खाली बसून बटाटे गोळा करायला लागल्या. हाताला काही लागेना. जवळचे बटाटे सोडून त्या लांबचे उचलत होत्या.

गावड्यांच्या घरात हिस्से पडायचे ते देवाच्या कौलाने. पंच नाही, तलाठी नाही. रुपयाला दोन्हीकडून ओली हळद, म्हणजे खंडोबाचा भंडारा, फासायचा. घरातल्या सर्वांत वडील माणसाच्या मुठीत तो द्यायचा. त्या मुठीतून थोरल्याने घ्यायचा आणि वर फेकायचा. धाकट्याने बोलायचं, सिंह की कणीस. रुपया पडला की वरची बाजू अंगठ्याने पुसून बघायची. खालची बाजू देवाची. ती पुसायची नाही, बघायचीही नाही. मग तसाच्या तसा चिंधीत बांधून देव्हाऱ्यात ठेवायचा, आणि दर चंपाषष्ठीला त्यावर वरून आणखी भंडारा टाकायचा.

पंच्याण्णव साली भानुमतीबाईंचे मालक लक्ष्मणराव आणि त्यांचे धाकटे भाऊ संताजी, या दोघांचे हिस्से असेच पडले. एका बाजूला वरचं शेत, पाण्याची विहीर आणि घर. घर ज्याचं, देव त्याचे आणि आईही त्याची. दुसऱ्या बाजूला नाल्याकाठची खालची जमीन, निम्मी मुरमाड. आईला अर्धांग झालं होतं, वाचाही गेली होती. तिची खाट अंगणात आणली होती. लक्ष्मणरावांनी रुपया फेकला, संताजी "कणीस" म्हणाले, आणि वर आला सिंह. विहीर, घर आणि आई लक्ष्मणरावांकडे आली. संताजी लहानपणापासून कणीसच बोलायचे. विटीदांडूचा डाव असो की जेवणातली शेवटची पुरणपोळी. हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

आणि लक्ष्मणरावांनाही ठाऊक होतं. भानुमतीबाईंच्या मनात हे आलं, तेव्हा त्यांनी हातातला बटाटा इतका घट्ट धरला की नख आत गेलं.

लक्ष्मणराव हंगाम नसला की पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात खरादीवर, म्हणजे लेथवर, कामाला जायचे. फिरत्या लोखंडाला पातं लावून ते केसासारखं पातळ सोलायचे.

दुसऱ्या दिवशी काढणी चालूच होती. ट्रॅक्टर पुढे जमीन उलथत होता, मागून घरच्या-शेजारच्या बाया पाटीत बटाटे वेचत होत्या. भानुमतीबाई बांधावर बसून दाभणाने पोती शिवत होत्या. उन्हाने मानेची कातडी तापली होती आणि पाय मात्र ओल्या मातीत गार पडले होते. त्यांचा मुलगा मनीष राऊच्या कॉलेजातून अर्धी रजा काढून आला होता. शेतात कमी आणि मोबाइलवर जास्त होता.

"आई, एक जण तयार आहे घ्यायला. दिल्लीचा. म्हणतो, पहले सरकारी कागद लाओ, सिक्का असली है म्हणून. तो कागद देणारी सरकारी कचेरी तुकोगंजात आहे."

"विकायचा नाही तो."

"अगं, पण दाखवायला काय जातं? पता तर लागेल."

तेवढ्यात खालच्या बाजूने धनेश आला. संताजींचा मुलगा. तिशीचा, पिथमपूरला कारखान्यात रात्रपाळी करून दिवसा शेत बघणारा. डोळे कायम लाल. तो आला होता पाणी मागायला. खालचा नाला कॉलन्यांच्या गटाराने केव्हाच नासला होता, आणि संताजींची जमीन आता वरच्या विहिरीवरच जगत होती.

लक्ष्मणराव होते तोवर भाऊ दिसला की ते बोलण्याआधी मोटर चालू करायचे. ते गेल्यावर भानुमतीबाईंनी पद्धत बदलली. मागितल्याशिवाय पाणी नाही. संताजी यायचे, चपला हातात घेऊन पायरीवर बसायचे, आणि भानुमतीबाई हातातलं काम पुरतं संपवून मगच "काय भाऊजी?" म्हणायच्या. त्यांचं म्हणणं असं की, मी म्हातारीचं हागमूत काढलं, तेव्हा हे आणि यांची जनाबाई कुठे होते? विहीर मला फुकट मिळालेली नाही.

"काकी, आज पाणी सोडता का? लसूण वाळून राहिला आहे," धनेश म्हणाला.

"अबे धनेश, पाण्याचं राहू दे, हे बघ!" मनीषने मोबाइल पुढे केला. रुपयाचे दोन फोटो होते. "आपल्या कौलाचा रुपया. दोन्हीकडून सिंह! लॉटरी लागली भिया."

धनेशने फोटो पाहिले. पुन्हा पाहिले. वेचणाऱ्या बायांपैकी एकीने मान वर केली.

"दोन्हीकडे सिंह?"

"हो ना!"

"मग आमचे बाबा जिंकणार कसे होते?"

ट्रॅक्टर शेताच्या टोकाला वळत होता, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. भानुमतीबाईंचं दाभण पोत्यातून पार होऊन तळहातात घुसलं. त्यांनी ते ओढून काढलं आणि तळहात लुगड्याला दाबून धरला.

"ए, तू काय बोलून राहिलास माहीत आहे ना?" मनीष म्हणाला. "माझ्या बाबांवर बोलतोस?"

"मी कोणावर बोलत नाही. मी विचारतो. माझा बाप इतकी वर्षं तुमच्या पायरीवर चपला हातात घेऊन बसला. का? तर म्हणे देवाचा कौल. हा कौल आहे? याला आमच्या कारखान्यात चिटिंग म्हणतात."

"टाकसाळीची चूक आहे ती! नेटवर बघ."

"ठीक आहे." धनेश भानुमतीबाईंकडे वळला. आवाज खाली आला, पण लाल डोळे हलले नाहीत. "काकी, तुम्हीच सांगा. चूक टाकसाळीची असेल तर ती देवाची चूक. मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण माणसाने बनवला असेल, तर विहीर आमची. बोला, मान्य?"

"मान्य," भानुमतीबाई म्हणाल्या.

"आई!" मनीष ओरडला.

"मान्य म्हटलं ना. तुझ्या बापाला मी ओळखते." आणि त्यांनी पुढचं पोतं ओढलं. पोत्यावर लाल ठिपके पडत होते.

तुकोगंजातली ती कचेरी दुसऱ्या मजल्यावर होती. भानुमतीबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, तरी टाचांच्या भेगांतली काळी माती निघाली नव्हती. बाकावर त्या मध्ये, एका बाजूला मनीष, दुसऱ्या बाजूला धनेश.

नाणी बघणारे अधिकारी अच्युत नावाचे होते. चष्मा कपाळावर, बोलणं निम्मं हिंदी, निम्मं मराठी. त्यांनी रुपया चिमट्यात धरला आणि पहिलाच प्रश्न केला, "यह घिसा किसने?"

"सूनबाईने पितांबरी लावली," भानुमतीबाई म्हणाल्या.

"अरे राम. आजी, जुन्या सिक्क्याला पितांबरी म्हणजे..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "बघतो. पण आधीच सांगतो, मला शंका आहे. टाकसाळीत चुका होतात. ठसा दोनदा पडतो, चकती सरकते, कधी एक बाजू कोरीच राहते. पण दोन्हीकडे सिंह ही चूक जवळजवळ होतच नाही. सिंहाचा साचा आणि कणसाचा साचा एकमेकांच्या जागी बसतच नाहीत. माझ्याकडे असे दहा आले तर दहाही बनवलेले असतात."

"आमचा देव्हाऱ्यातला आहे, सर," मनीष म्हणाला.

"सगळे देव्हाऱ्यातलेच असतात भिया."

त्यांनी खिशातला एक तसाच जुना रुपया काढून काचेवर टाकला. तो खणखणला, गोल फिरला आणि बराच वेळ वाजत राहिला. मग त्यांनी कौलाचा रुपया टाकला. थप्प. शेणाची गोवरी पडावी तसा.

धनेशने मान खाली घातली. जिंकायला आलेला माणूस, पण त्याचाही चेहरा उतरला.

अच्युतसाहेबांनी वजन केलं, भिंग लावलं, बराच वेळ खाली वाकून बसले. मग खुर्ची मागे सरकवून म्हणाले, "आजी, तुम्ही बघा."

भानुमतीबाईंनी भिंगाला डोळा लावला. आधी नुसतं पांढरं दिसलं. मग सिंह, घरच्या बैलाएवढा मोठा. आणि त्याच्या भोवती, काठाच्या जरा आत, एक गोल रेघ, पिवळी. भाताच्या कडेने वरण ओघळावं तशी.

"ती रेघ म्हणजे जोड," अच्युतसाहेब म्हणाले. "एक रुपया आतून पोखरला, दुसऱ्याचा सिंह सोलून त्यात बसवला. सफाईचं काम आहे. जोड कोणाला दिसला नसता. पण तुमची हळद आत जाऊन बसली. सून वरचं धुवू शकली, आतलं नाही."

भानुमतीबाई भिंगाला डोळा लावूनच राहिल्या. मान वर केली की समोर धनेश दिसणार होता.

"अशा कामाला काय लागतं, साहेब?"

"खराद. आणि हात."

"माझे मालक खरादीवर होते," त्या म्हणाल्या.

मनीषने त्यांचा दंड धरला. "आई, गप बैस!"

"होते, तर होते म्हणायला नको?" त्यांचा आवाज स्वतःलाच ओळखू आला नाही. इतकी वर्षं ज्या माणसाआधी त्यांनी कधी ताटाला हात लावला नाही, त्याला त्यांनी परक्या माणसापुढे, दोन वाक्यांत, चोर करून टाकलं होतं.

नाणं कापणं गुन्हा असतो असं साहेब म्हणाले. माणूस हयात नाही म्हणून पुढे काही करत नाही, पण रुपया परत मिळणार नाही. त्यांनी तो पाकिटात टाकला, वर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जिना उतरताना धनेश हळू म्हणाला, "काकी, घाई नाही. सावकाश द्या." त्याची ती माणुसकी भानुमतीबाईंना थपडेसारखी लागली.

घरी आल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. मोटरघराची किल्ली कमरेला खोचली आणि तशाच खालच्या शेताकडे निघाल्या. बांध ओलांडला की माती बदलायची. काळी संपून तांबूस मुरूम सुरू. पायाला खडे टोचत होते. या शेतात त्या किती वर्षांत उतरल्या नव्हत्या, हे त्यांनाच आठवेना.

संताजी एकटेच कुदळीने बांधाचे दगड उकरत होते. पाठीचा कणा सदऱ्यातून मोजता येत होता. धनेशने रुपयाचं सांगितल्यापासून ते घरात जेवायला आले नाहीत, भाकरी शेतातच मागवतात, असं जनाबाई म्हणाली होती.

"भाऊजी."

संताजींनी कुदळ ठेवली आणि सवयीने पायातल्या चपला काढल्या.

"घाला त्या," भानुमतीबाई म्हणाल्या. "मी मागायला नाही, द्यायला आले. साहेबाने सांगितलं, रुपया बनवलेला आहे. खरादीवर. तुमच्या भावाने तुम्हाला फसवलं. ही किल्ली घ्या. विहीर तुमची."

संताजी किल्लीकडे बघत राहिले. मग ते खालीच बसले, दगडावर नाही, मुरमात.

"दादाने नाही, वहिनी."

"आता झाकू नका."

"दादाला माहीतच नव्हतं. तो रुपया मी आणला होता."

वाऱ्याने वरच्या शेतातली धूळ येत होती. भानुमतीबाई उभ्याच होत्या.

"राऊच्या बाजारात एक जादूवाला बसायचा. त्याच्याकडे होता. दोन्हीकडून सिंह. लोकांना फसवून चणे खायचा. मी त्याला माझी चांदीची अंगठी दिली आणि घेतला."

"तुम्ही? पण तुम्ही तर हरलात."

"हरायलाच घेतला होता." संताजी मातीत बोटं रुतवत होते. "मला विहीर नको होती, वहिनी. विहिरीबरोबर आई होती. जनाने साफ सांगितलं होतं, तुमच्या आईची घाण काढणार नाही, माहेरी जाईन. आणि खरं सांगतो, मला पण... मला तो वास सहन होत नव्हता. खोलीत गेलो की उमळून यायचं. नको म्हणायची हिंमत नव्हती. गावाने तोंडात शेण घातलं असतं. म्हटलं, देवानेच नको म्हणू दे."

भानुमतीबाईंनी किल्ली पुन्हा कमरेला खोचली.

"आणि मग नाला नासला," संताजी म्हणाले. "पायरीवर बसायचो तेव्हा म्हणायचो, बैस लेका. विहीर तूच टाकलीस."

"सासूबाईंच्या मुठीत रुपया कोणी दिला?"

संताजी मुरमातले खडे वेचायला लागले.

"मी विचारते, कोणी दिला?"

"मीच. भंडारा फासून."

"मूठ उघडत नव्हती त्यांची. मी समोर होते. ह्यांनी एकेक बोट उचकटून काढला. आम्हाला वाटलं, अर्धांगाने आवळली."

"मूठ उजवी होती, वहिनी," संताजी म्हणाले. "अर्धांग डाव्या अंगाला होतं." त्यांचं तोंड वाकडं झालं. "भंडारा फासायच्या आधी मी तो खिशातून काढला, तेव्हा ती खाटेवरून बघत होती. अगदी समोरून. दोन्ही बाजू पाहिल्या तिने. ती सोडत नव्हती."

भानुमतीबाईंना वाटलं, आपण याला काहीतरी मारू. कुदळ तिथेच होती. पण हात उचललाच गेला नाही. दुपारी त्यांचा नवरा चोर ठरला होता, दिवस मावळायच्या आत तो सुटला होता, आणि सुटल्याचा आनंद करायला अंगात एक जागा रिकामी नव्हती.

"उठा," त्या म्हणाल्या. "वर चला. दोन्ही पोरांसमोर सांगा."

"वहिनी, धनेशला नका—"

"माझ्या माणसाला मी आज कचेरीत चोर म्हणून आले. तुमच्यामुळे. उठा."

संताजी उठले. अंगणात आले, पायरीवर बसू लागले, तर भानुमतीबाईंनी त्यांना ओसरीत, पाटावर बसवलं. तिथे बसून त्यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. मनीष ऐकता ऐकता रडायला लागला. पूर्वा दाराआड होती, तिच्या हातातलं पीठ वाळून गेलं. धनेश रडला नाही, ओरडला नाही. बाप बोलायचा थांबल्यावर त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे आजी त्या दिवशी शुद्धीत होती?" आणि उत्तर यायच्या आत तो बाहेर गेला.

त्याला आता दोनेक वर्षं होतील. धनेशने विहिरीचं नाव पुन्हा काढलं नाही. तो बायकोमुलांसह पिथमपूरला राहायला गेला. बापाला पैसे पाठवतो, फोन करत नाही. जनाबाईला तिचा उल्लेख सगळ्यांपुढे झाला याचाच राग आला, ती अजून भानुमतीबाईंकडे बघत नाही. खालची जमीन मनीषच करतो, आणि वरच्या मोटरघराला आता कुलूप नसतं. मनीषने बाबांचा मोठा फोटो करून ओसरीत लावला. पूर्वाला मुलगी झाली, श्रिया. देव ती अजूनही पितांबरीनेच उजळते, तिला कोणी काही म्हणत नाही. रुपया तुकोगंजच्या कचेरीत कुठल्यातरी कपाटात असेल. संताजींनी वरच्या विहिरीचं पाणी प्यायचं सोडलं होतं, तहान लागली की रस्त्यावरच्या पंपावर जायचे. गेल्या पावसाळ्यात ते तापाने गेले. शेवटी भानुमतीबाई त्यांच्याजवळ होत्या, त्यांनीच संताजींच्या तोंडात पाणी घातलं.

भानुमतीबाईंचं तसं बरं चाललंय. हिंडत्या-फिरत्या आहेत, पोती शिवतात. पण काम करता करता मधेच थांबतात आणि दाभण हातात धरून बसून राहतात. सासूबाई आठवतात. अंथरुणाला खिळलेल्या असताना दर संध्याकाळी त्या उजव्या हाताने भानुमतीबाईंचं मनगट धरायच्या, सोडायच्याच नाहीत. डोळे मोठे करून बघायच्या, घशातून नुसती घरघर यायची. आणि भानुमतीबाई रोज म्हणायच्या, "तहान लागली होय? सोडा हात, आणते पाणी."